पगारवाढीच्या कराराचा कागद हातात आला की मत द्यायच्या आधी काय काय बघायचं (पोस्टातल्या कामगारांसाठी)

मॅनेजमेंट आणि युनियनची बोलणी संपली, करार ठरला, आता तुम्ही हो किंवा नाही सांगा असं पत्र आलं की पहिल्यांदा डोळा जातो टक्क्यावर. साहजिक आहे, भाडं, वीज, खाणंपिणं सगळं वर गेलंय आणि पगार आहे तिथेच आहे, अशा वेळी माणूस आधी आकडाच बघणार. पण त्या एका आकड्यावर मत देऊ नका. करारात पैसा असतो एका पानावर, आणि त्या पैशाच्या बदल्यात तुमच्याकडून काय घेतलंय ते असतं बाकीच्या सगळ्या पानांवर.

आपल्याकडे पोस्टातल्या लोकांचा पगार वेतन आयोगाने ठरतो आणि महागाई भत्ता वर्षातून दोनदा सुधारतो, त्यामुळे करारावर सभासदांनी मतदान करायचं हा प्रकार बऱ्याच जणांनी जवळून बघितलेला नसतो. ब्रिटन, अमेरिका, कॅनडात मात्र पोस्टमन लोकांना दर काही वर्षांनी ह्यातून जावं लागतं आणि २०२२ नंतरच्या महागाईत तिथे जे झालं त्यातून शिकण्यासारखं खूप आहे, म्हणून उदाहरणं तिथलीच घेतो.

सगळ्यात आधी पूर्ण करार मिळवा. म्हणजे पूर्ण. युनियनने पाठवलेलं दोन पानी पत्रक नाही, मॅनेजमेंटचा व्हिडिओ नाही आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा फोटो तर नाहीच. सही झालेला मसुदा, त्याची परिशिष्टं, वेतनश्रेणीचे तक्ते, सगळं. पत्रक करणारा माणूस खोटं लिहीत नाही पण तो निवडून लिहितो, आणि कुठली गोष्ट पत्रकात नाही हे कळायला मूळ कागद लागतोच. मिळत नसेल तर तुमच्या प्रतिनिधीला लेखी विचारा, मतदानाची मुदत संपायच्या आत विचारा.

आता हिशोब. घाबरू नका, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतो.

पगार १०० धरा आणि प्रत्येक वर्षाची वाढ त्यावर चढवत जा, नुसती बेरीज करू नका कारण दुसऱ्या वर्षाची वाढ पहिल्या वर्षाच्या वाढलेल्या पगारावर मिळते. कॅनडा पोस्टने २०२५ मध्ये जी शेवटची ऑफर दिली ती चार वर्षांसाठी ६, ३, २ आणि २ टक्के अशी होती, साधी बेरीज १३ होते पण एकावर एक चढवलं की १३.५९ होतात आणि कंपनी तोच मोठा आकडा सांगत होती. त्यात खोटं काही नाही. फक्त पगाराला असं चढवलं तर महागाईलाही असंच चढवायचं, एकीकडे चक्रवाढ आणि दुसरीकडे साधी बेरीज असं झालं की तुलना फसते.

म्हणून शेजारी दुसरा रकाना करा, किमती १०० धरा आणि प्रत्येक वर्षाची महागाई त्यावर चढवा. ब्रिटनच्या रॉयल मेलचं, म्हणजे तिथल्या टपाल कंपनीचं, उदाहरण घ्या. तिथल्या कम्युनिकेशन वर्कर्स युनियनने २०२३ मध्ये जो करार सभासदांपुढे ठेवला तो "१० टक्के" म्हणून ओळखला गेला, पण फोडून बघितला तर त्यात २०२२ चे २ टक्के होते जे कंपनीने आधीच देऊन टाकले होते, मग एप्रिल २०२३ पासून ६ आणि एप्रिल २०२४ पासून २. चढवत गेलं तर १०० चे १०२, मग १०८.१२, मग ११०.२८. आता त्याच देशातल्या किमती बघा, एप्रिल २०२२ पर्यंतच्या वर्षात ९ टक्के वाढल्या, पुढच्या एप्रिलपर्यंत ८.७ आणि त्याच्या पुढच्या एप्रिलपर्यंत २.३, म्हणजे १०० चे १२१ च्या वर गेले. पगार ११० आणि किमती १२१. भागाकार केला की कळतं, तीन वर्षांपूर्वी त्या पगारात जेवढं येत होतं त्याच्या साधारण ९१ टक्केच आता येणार. वाढ मिळूनसुद्धा ९ टक्के खाली.

हा हिशोब बघून लगेच "मग नाहीच म्हणायचं" असं ठरवू नका, तेवढ्यावरून ठरत नाही, पुढे सांगतो का. पण हा आकडा माहीत असल्याशिवाय हो म्हणायचं नाही एवढं मात्र पक्कं.

दोन गोष्टी इथे नीट बघा. एक म्हणजे सुरुवात कुठून धरलीय. मॅनेजमेंट नेहमी कराराच्या पहिल्या तारखेपासून मोजतं, पण तुमचं नुकसान मागच्या वाढीच्या दिवसापासून सुरू झालेलं असतं, बोलणी वर्षभर रखडली तर ते वर्षही तुमच्याच खिशातून गेलेलं असतं. दुसरं म्हणजे वाढ लागू कधीपासून. ३ टक्के वाढ सहा महिने उशिरा लागू झाली आणि मागचा फरक मिळाला नाही तर त्या वर्षात हातात दीडच टक्का पडतो. थकबाकी मिळणार का, कुठल्या तारखेपासून, ओव्हरटाइमवर पण मिळणार का, मधल्या काळात रिटायर झालेल्यांना मिळणार का, हे चारही प्रश्न वेगवेगळे आहेत आणि त्यांची उत्तरं पण वेगवेगळी निघू शकतात.

मग एकरकमी पैसे. रॉयल मेलच्या करारात ५०० पौंड एकदाच मिळणार होते. समजा कुणाचा वर्षाचा पगार २५,००० आहे, तर ५०० म्हणजे २ टक्के झाले, ऐकायला बरं वाटतं. पण हे २ टक्के बेसिकमध्ये गेले असते तर दर वर्षी मिळाले असते, पुढची प्रत्येक वाढ त्यांच्यावर चढली असती, ओव्हरटाइमचा दर वाढला असता, पेन्शनमध्येही धरले गेले असते. एकरकमी मिळाले की ते एकदाच मिळतात, त्यावर टॅक्स कापला जातो आणि पुढच्या वर्षी पगार होता तिथेच असतो. अर्धवेळ काम करणाऱ्यांना तर बहुतेक वेळा तासांच्या प्रमाणातच मिळतात, पूर्ण रक्कम नाही, म्हणून पत्रकातला आकडा आपल्याला तेवढाच लागू आहे का ते तपासा. ज्यांच्यावर आत्ता कर्ज आहे, भाडं थकलंय, त्यांना रोख रकमेची खरंच गरज असते आणि त्या गरजेपोटी हो म्हणणाऱ्याला मी तरी नावं ठेवणार नाही, पण रोख रक्कम आणि पगारवाढ ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे डोक्यात स्वच्छ पाहिजे.

महागाईचा आकडा कुठला धरायचा ह्यावरून पण वाद होतात. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०२२ मध्ये एका निर्देशांकाने महागाई ११.१ टक्के दाखवली आणि त्याच महिन्यात जुन्या किरकोळ किमतींच्या निर्देशांकाने १४.२, कारण त्यात घराच्या कर्जाचं व्याज वगैरे धरतात आणि गणिताची पद्धत पण वेगळी आहे. युनियन साधारण मोठा आकडा घेते आणि कंपनी छोटा, दोघांनाही दोष देण्यात अर्थ नाही, तुम्ही हिशोब दोन्हींनी करा. आणि तिसरा तुमच्या घरचा करा, मागच्या वाढीच्या महिन्यातलं बँक स्टेटमेंट आणि आत्ताचं शेजारी ठेवा, भाडं किंवा हप्ता, वीज-गॅस, खाणं, प्रवास, मुलांचा खर्च. कमी पगाराच्या घरात ह्याच गोष्टींवर जास्त भाग जातो आणि २०२२ मध्ये नेमक्या ह्याच जास्त वाढल्या होत्या, त्यामुळे सरासरी महागाई तुमच्या घरच्या महागाईपेक्षा कमी दिसू शकते. अजून एक, "महागाई खाली आली" ह्याचा अर्थ किमती खाली आल्या असा नाही. किमती वाढायचा वेग कमी झाला, वाढलेल्या किमती तिथेच आहेत. मॅनेजमेंटच्या पत्रात हे वाक्य हमखास असतं म्हणून सांगून ठेवतो.

करार जितका लांब तितका धोका जास्त, कारण तिसऱ्या-चौथ्या वर्षी महागाई किती असेल हे कुणालाच सांगता येत नाही. त्यावर उपाय म्हणजे महागाईशी जोडलेली वाढ. अमेरिकेतल्या पोस्टाच्या करारांमध्ये ठरलेल्या टक्क्यांच्या वर महागाईप्रमाणे वेगळी वाढ मिळते, आपल्या महागाई भत्त्याच्या जातीची, त्यामुळे तिथे टक्के छोटे दिसले तरी नुसते तेवढे बघून चालत नाही. तुमच्या करारात असं कलम आहे का बघा, असेल तर त्याला वरची मर्यादा घातलीय का, सगळ्या श्रेणींना सारखं मिळतं का, आणि बेसिकमध्ये मिसळतं का. नसेल तर निदान अमुक टक्क्यांच्या वर महागाई गेली तर बोलणी पुन्हा उघडायची असं तरी काही लिहिलंय का. दोन्ही नसेल आणि करार तीन-चार वर्षांचा असेल तर महागाईचा सगळा धोका तुमच्या डोक्यावर आला, असं समजा.

आता कामाच्या अटी, आणि इथे सगळ्यात जास्त वेळ घाला. पोस्टाच्या करारांमध्ये खरा सौदा इथेच असतो असं माझं स्पष्ट मत आहे. पत्रं कमी होतायत, पार्सलं वाढतायत, त्यामुळे मॅनेजमेंटला उशिरापर्यंत डिलिव्हरी पाहिजे, रविवारी डिलिव्हरी पाहिजे, रोज बदलणाऱ्या बीट (पोस्टमनचा वाटपाचा भाग) पाहिजेत आणि कमी पगाराची नवी माणसं पाहिजेत. रॉयल मेलच्या त्याच करारात कामाची वेळ दीड तासापर्यंत उशिरा सुरू होणं होतं, हिवाळ्यात आठवड्याचे तास जास्त आणि उन्हाळ्यात कमी असं होतं, नव्याने भरती होणाऱ्यांना वेगळ्या अटी होत्या. दीड तास उशीर म्हटलं तर पगाराच्या स्लिपवर त्याचा एक पैसाही दिसत नाही. पण ज्याने दुपारी मुलांना शाळेतून आणायचं म्हणून ही पहाटेची नोकरी धरली होती त्याला आता त्यासाठी कुणाला तरी पैसे द्यावे लागणार, आणि तो खर्च पगारवाढीतून वजा करूनच त्याची वाढ किती ते ठरणार.

म्हणून प्रत्येक अटीला पैशात किंवा मिनिटांत बसवायचा प्रयत्न करा. उदाहरणार्थ, नव्या पद्धतीत बीट लांबली आणि तुम्हाला रोज वीस मिनिटं फुकट जास्त द्यावी लागली, आठवड्याचे पाच दिवस म्हणजे शंभर मिनिटं झाली, चाळीस तासांच्या आठवड्यात ती ४ टक्क्यांहून जास्त भरतात. म्हणजे ४ टक्के वाढ दिली आणि ४ टक्के काम फुकट घेतलं, तासाचा दर होता तिथेच. जेवणाची सुट्टी आधी पगारी होती ती बिनपगारी झाली का, सॉर्टिंगचा वेळ कमी केला का, सकाळी लवकर येण्याचा भत्ता गेला का, आजारपणाच्या रजेचे नियम कडक झाले का, असं एकेक कलम घेऊन बसा.

काम मोजायची पद्धत बदलत असेल तर तर अजूनच जपून. अमेरिकेत ग्रामीण भागातल्या पोस्टमनचा पगार त्यांच्या रूटला किती तास लागतात ह्या मोजणीवर ठरतो, २०२३ मध्ये तिथे मोजणीची नवी पद्धत लागू झाली आणि बहुसंख्य रूटचे तास कमी भरले, काहींचा पगार वर्षाला हजारो डॉलरनी उतरला. तासाचा दर कुणी कमी केला नव्हता! करारात "नवी मोजणी", "रूटचा आढावा", "उत्पादकता" असले शब्द दिसले की विचारायचं, मोजणार कोण, कशावरून, चुकलं तर दाद कुठे मागायची, आणि निकाल लागेपर्यंत पगार जुनाच राहणार का.

कॅनडातली २०२५ ची ती ऑफर पण अशीच होती, पैसे एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला शनिवार-रविवारच्या पार्सलांसाठी अर्धवेळ माणसं आणि रोज बदलू शकणारे रूट. सरकारने ती ऑफर थेट सभासदांच्या मतदानाला टाकायला लावली आणि ऑगस्टच्या सुरुवातीला निकाल आला तो असा की शहरी आणि ग्रामीण-उपनगरी अशा दोन्ही गटांत सुमारे ६९ टक्के लोकांनी नाही म्हटलं.

नव्या भरतीवाल्यांच्या अटींबद्दल वेगळं सांगावंसं वाटतं. आज मत देणारे जुने लोक, आणि ज्यांना कमी पगार मिळणार ते अजून नोकरीलाच लागलेले नाहीत, त्यामुळे हे कलम सगळ्यात सहज पास होतं. पण पाच-सात वर्षांत तेच लोक बहुसंख्य होतात, त्यांचा पगार हाच मग "चालू दर" ठरतो आणि पुढच्या बोलण्यांत जुन्यांनाच महाग म्हणून दाखवलं जातं. शिवाय एकाच टेबलावर सॉर्टिंग करणाऱ्या दोघांना दोन दर असले की युनियन आतून पोखरली जाते. मला विचाराल तर ह्या एका कलमासाठी अर्धा-एक टक्का सोडायलाही हरकत नाही.

मॅनेजमेंट म्हणणार पैसेच नाहीत. हे सरळ थाप म्हणून उडवून लावू नका. रॉयल मेल २००४-०५ मध्ये वर्षाला २० अब्ज पत्रं वाटायची, ती २०२२-२३ पर्यंत ७ अब्जांच्या आसपास आली, आणि कॅनडा पोस्टला २०२४ मध्ये ८० कोटी डॉलरच्या वर तोटा झाला. तेव्हा अडचण खरी असू शकते. प्रश्न असा विचारायचा की ती अडचण आली कुठून आणि भरून कोण काढणार. आधीच्या चांगल्या वर्षांत भागधारकांना किती वाटले, वरच्या साहेबांचा बोनस कापला का, तोट्यात पेन्शनचे किंवा मशिनरीचे एकदाचे खर्च धरलेत का, आणि पुढे फायदा झाला तर कामगारांना त्यात वाटा आहे का. युनियनकडे स्वतःचा हिशोबनीस असतो किंवा बाहेरचा नेमलेला असतो, त्याचं म्हणणं लेखी मागवून घ्या.

इथपर्यंत आलात की करार चांगला का वाईट ते कळतं, पण मत त्यावर देता येत नाही, कारण मतपत्रिकेवर तो प्रश्नच नसतो. प्रश्न असतो की ह्या करारापेक्षा "नाही" म्हटल्यावर जे होईल ते बरं का. त्यामुळे नाही नंतरचा रस्ता आधी समजून घ्या, आणि तो प्रत्येक देशात वेगळा आहे.

अमेरिकेत पोस्टाच्या कर्मचाऱ्यांना कायद्याने संप करता येत नाही, बोलणी फसली की प्रकरण लवादाकडे जातं आणि त्याचा निर्णय दोघांना बंधनकारक असतो. तिथल्या शहरी पोस्टमनच्या युनियनने ऑक्टोबर २०२४ मध्ये करार आणला, तीन वर्षं दर वर्षी १.३ टक्के आणि वर महागाईची वाढ. दीड वर्ष वाट बघून एवढंच, म्हणून लोक भयंकर चिडले आणि जानेवारी २०२५ च्या शेवटी निकाल लागला, सुमारे ७१ टक्के विरोधात. मग मार्चमध्ये लवादाने दिलं १.३, १.४ आणि १.५. म्हणजे टक्क्यांत बघितलं तर जेमतेम फरक. नाही म्हणून उपयोग झाला नाही असं मी म्हणत नाही, पुढच्या वेळी असला करार आणायच्या आधी पुढारी दहा वेळा विचार करतील, पण लवाद म्हणजे दुप्पट मिळणार अशी आशा धरून कुणी मत दिलं असेल तर त्याची निराशा झाली असणार.

ब्रिटनमध्ये संपाचा रस्ता होता आणि तो त्यांनी वापरला, २०२२ च्या उत्तरार्धात १८ दिवस संप झाला. फेब्रुवारी २०२३ मध्ये पुन्हा संपासाठी मतदान झालं तेव्हा ९६ टक्के लोक हो म्हणाले, आणि जुलैमध्ये त्याच लोकांपैकी ७६ टक्क्यांनी करार मान्य केला. काहींना हे कच खाल्ल्यासारखं वाटलं, मला नाही वाटत तसं. संपाच्या प्रत्येक दिवसाचा पगार जातो, १८ दिवस म्हणजे जवळपास महिन्याचे कामाचे दिवस, आणि त्याच महागाईत ते दिवस काढलेले. हिशोब करून थांबायचं ठरवणं हाही निर्णयच आहे. त्याच देशात १९७१ मध्ये पोस्टवाले सात आठवडे संपावर होते, युनियनची तिजोरी रिकामी झाली आणि शेवटी मनासारखं काही न मिळता परत जावं लागलं. उलट अमेरिकेत १९७० च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या पोस्टमननी कायद्याविरुद्ध आणि वरच्या पुढाऱ्यांच्या मनाविरुद्ध संप केला, दोन लाखांवर लोक त्यात आले, आणि त्याच वर्षी कायदा बदलून पोस्टाच्या युनियनना पगारावर बोलणी करायचा हक्क मिळाला. दोन्ही खरं आहे. फरक पडतो तो लोक किती एकत्र आहेत, टपाल अडलं तर किती जणांचं अडतं आणि पैसे किती दिवस पुरतात ह्याने. आणि सरकार मध्ये पडू शकतं हेही धरा, कॅनडात नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरू झालेला संप डिसेंबरच्या मध्यावर कामगारमंत्र्यांच्या हस्तक्षेपाने थांबवला गेला.

तेव्हा सभेत उठून पुढाऱ्यांना सरळ विचारा. नाही आलं तर परत बोलणी करणार की संपाचं मतदान घेणार? संपनिधीत किती आहे, दिवसाला किती देणार? आत्ताची ऑफर टेबलावर राहील की कंपनी मागे घेईल? बोलणी करताना तुम्ही कशावर अडून बसलात आणि काय सोडलंत? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, ह्याचं उत्तर गोलगोल आलं तर समजा की त्यांनाही करार पटलेला नाही. पुढारी शिफारस करतात म्हणून हो नको आणि पुढाऱ्यांचा राग आहे म्हणून नाही पण नको.

घरी पण बसा. संप झाला तर दोन आठवडे, चार आठवडे निघतील का, कुठला हप्ता पुढे ढकलता येईल, घरात दुसरा पगार आहे का, हे नवरा-बायकोने आधी बोललेलं बरं. आणि कामाच्या ठिकाणी स्वतःसारख्यांशीच बोलू नका, रात्रपाळीवाले, अर्धवेळ असलेल्या बायका, गाडीवाले, गेल्या वर्षी लागलेली मुलं, रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलेले, ह्या सगळ्यांना तोच करार वेगळा लागतो. ज्याचं मत तुमच्या उलट आहे त्याच्याशी उद्यापासून त्याच टेबलावर काम करायचंय.

मत मात्र द्याच. निकाल कुठलाही लागो, मतदान कमी झालं की मॅनेजमेंट ते बरोबर टिपून ठेवतं आणि पुढच्या बोलण्यांत वापरतं.

आणि करार पास झाला तर कागद फेकू नका. वाढ लागू झाल्यावर पहिली पगाराची स्लिप घ्या, बेसिक बरोबर वाढलंय का, ओव्हरटाइमचा दर नव्या बेसिकवर धरलाय का, पेन्शनची कपात नव्या पगारावर आहे का बघा. थकबाकी एकदम आली की त्या महिन्यात टॅक्स जास्त कापला जातो आणि ज्यांना सरकारी मदत मिळते त्यांची त्या महिन्याची मदत कमी होऊ शकते, त्याची आधीच चौकशी करून ठेवा. थकबाकीचा तक्ता महिन्यावार मागा, नुसती एक रक्कम आली तर ती बरोबर आहे का चूक हे तपासता येत नाही. फरक सापडला तर पगार विभागाला लेखी द्या, एक प्रत प्रतिनिधीकडे, एक स्वतःकडे, आणि तक्रार करायची मुदत किती आहे ते करारातच कुठेतरी शेवटच्या पानांवर लिहिलेलं असतं.